नव्याचे नऊ दिवस आणि लिथियमवरचा लेप

‘नव्या लेपामुळे लिथियम-धातूच्या बॅटऱ्या आता सुरक्षित’ अशी बातमी दर काही महिन्यांनी वाचायला मिळते. लेपाबद्दल माझी तक्रार नाही. धातुरूप लिथियम कधी रोजच्या वापरात आलंच, तर ते कुठल्या ना कुठल्या लेपाच्या आधारानेच येईल, असं मला ठामपणे वाटतं. माझं भांडण आहे ते ‘सुरक्षित’ या शब्दाशी. तो बहुतेक वेळा प्रयोगशाळेतल्या नव्याकोऱ्या, शर्टाच्या बटणाएवढ्या सेलकडे बघून लिहिलेला असतो. वाचणारा मात्र तो पाच वर्षं वापरलेल्या, उन्हात तापलेल्या, दोनदा आपटलेल्या बॅटरीला लावून वाचतो. या दोन सेलमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक तपासल्याशिवाय सुरक्षिततेचा दावा छापू देऊ नये, निदान सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनात तरी, असं माझं म्हणणं आहे.

आधी, एवढा आटापिटा कशासाठी? आजच्या लिथियम-आयन बॅटरीत ॲनोडच्या, म्हणजे ऋण टोकाच्या, बाजूला ग्राफाइट असतं. एक ग्रॅम ग्राफाइट फार तर ३७२ मिलिअँपिअर-तास विद्युतभार साठवतं. एक ग्रॅम लिथियम धातू ३,८६०. म्हणजे दहापट. पूर्ण सेलमध्ये कॅथोड (धन टोक), तांब्याची पत्री, इलेक्ट्रोलाइट (दोन टोकांमध्ये आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, वाहून नेणारं माध्यम), वेष्टन या सगळ्यांचं वजन धरावं लागतं, त्यामुळे दहापटीचा फायदा काही हाती लागत नाही. तरी किलोमागे २५०-३०० वॅट-तासांवरून ४००-५०० पर्यंत पोहोचायचं, तर हा सर्वांत सरळ रस्ता आहे. जमिनीवर एका जागी ठेवलेल्या बॅटरीला त्याची गरज नाही. तिथे वजनाचा प्रश्नच नसतो आणि लोह-फॉस्फेटची बॅटरी ते काम निमूटपणे करते. पण जिथे प्रत्येक किलो उचलून न्यावा लागतो, विशेषतः हवेत, तिथे या फरकावर सगळं अवलंबून आहे.

खरं तर ही वाट नवी नाही. सुरुवातच धातूने झाली होती. १९७०च्या दशकात एक्झॉन कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइडचा कॅथोड आणि लिथियम धातूचा ॲनोड घेऊन पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. चार्ज करताना लिथियम सपाट न बसता सुयांसारखं वाढे आणि आगी लागत. पुढे कॅनडातल्या मोली एनर्जी या कंपनीने मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा कॅथोड वापरून अशा बॅटऱ्या थेट बाजारात आणल्या. १९८९ मध्ये जपानमध्ये एका मोबाइल फोनमधल्या बॅटरीने पेट घेतला, माल परत मागवावा लागला आणि कंपनी बुडाली. दोनच वर्षांनी सोनीने कार्बनचा ॲनोड असलेली लिथियम-आयन बॅटरी विक्रीला आणली. २०१९च्या नोबेल पुरस्कारात व्हिटिंगहॅम आणि जॉन गुडइनफ यांच्या जोडीला अकिरा योशिनो होते, आणि योशिनो यांच्या कामाचं मर्म हेच की त्यांनी त्या बॅटरीतून धातू बाहेर काढला. तोंड पोळलेल्या उद्योगाने मग तीसेक वर्षं ताकसुद्धा फुंकून प्यायलं.

आता पुन्हा धातूकडे वळायचं, तर तो का पेटतो हे नीट समजून घ्यायला हवं. लिथियम इतकं अधीर आहे की द्रव इलेक्ट्रोलाइटला स्पर्श होताक्षणीच त्याच्याशी अभिक्रिया करतं आणि त्या अभिक्रियेतून स्वतःवर काही नॅनोमीटर जाडीचा एक पापुद्रा तयार करतं. इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये या पापुद्र्याचं चित्र पहिल्यांदा नीट मांडलं. मी त्याला खपली म्हणतो, कारण तो खपलीसारखाच वागतो. खाली चाललेली झीज तो थांबवतो, पण तो ठिसूळ आहे, कुठे जाड, कुठे पातळ, ठिगळं जोडल्यासारखा. चार्ज होताना लिथियमचे आयन जिथे खपली पातळ असेल तिथून घुसतात. तिथे उंचवटा येतो. उंचवट्याच्या टोकाशी विद्युतक्षेत्र तीव्र होतं, मग पुढचे आयनही तिथेच येतात. उंचवट्याची सुई होते, सुई खपली फोडते, उघड्या पडलेल्या धातूवर नवी खपली धरते आणि त्यात थोडं लिथियम व थोडं इलेक्ट्रोलाइट कायमचं खर्ची पडतं. डिस्चार्ज होताना सुई बुडापाशी विरघळली की वरचा भाग तुटून लोंबकळत राहतो. त्याला मृत लिथियम म्हणतात. वीज देण्याच्या दृष्टीने ते मेलेलं असतं. रासायनिकदृष्ट्या ते चांगलंच जिवंत असतं, हे लक्षात ठेवा. पुढे हाच मुद्दा येणार आहे.

ग्राफाइटला हा त्रास का होत नाही? लिथियम आत शिरल्यावर ग्राफाइट जेमतेम दहा टक्क्यांनी फुगतं. खपली तेवढं ताणून घेते. धातूच्या बाबतीत मात्र खपलीखालची जमीनच नाहीशी होते आणि पुन्हा उगवते. प्रति चौरस सेंटिमीटर एक मिलिअँपिअर-तास म्हणजे सुमारे ४.८५ मायक्रोमीटर जाडीचं लिथियम. कामाच्या बॅटरीत दर चौरस सेंटिमीटरला चारेक मिलिअँपिअर-तास तरी हवेत, म्हणजे प्रत्येक चार्जला पृष्ठभाग सुमारे वीस मायक्रोमीटर वर येणार आणि प्रत्येक डिस्चार्जला तितकाच खाली जाणार. आता त्यावर वीस नॅनोमीटरचा लेप द्या. लेपाला आपल्या जाडीच्या हजारपट अंतर वर-खाली करायचं आहे, न फाटता, रोज, वर्षानुवर्षं. हे प्रमाण एकदा मनात बसलं की लेपाच्या बातम्या वाचायची नजरच बदलते.

या लेपाकडून अपेक्षा तरी किती! त्याने लिथियमचे आयन जाऊ द्यायचे पण इलेक्ट्रॉन अडवायचे; इलेक्ट्रॉन गळाले तर धातू लेपाखाली बसायच्या ऐवजी लेपावरच बसतो, आणि मग लेप असून नसल्यासारखा. त्याने सुईला दाबून धरण्याइतकं कडक असायचं आणि जमिनीबरोबर हलण्याइतकं लवचीकही. त्याने इलेक्ट्रोलाइटमधला द्रावक शोषायचा नाही. तो सर्वत्र एकसारखा हवा, कारण एक छिद्र पुरेसं आहे. सगळी गर्दी त्याच छिद्राकडे वळते. आणि हे सगळं करून तो इतका पातळ हवा की जलद चार्जिंगला आडवा येऊ नये.

यातलं सगळं एका पदार्थात सापडत नाही, म्हणून माणसांनी फार सुंदर कल्पना लढवल्या आहेत. फिनलंडमध्ये तुओमो सुंतोला यांनी १९७०च्या दशकात अणूंचे थर एकेक करून चढवण्याची पद्धत बसवली. एका फेरीत साधारण नॅनोमीटरचा दहावा भाग. ती मुळात सपाट, प्रकाशणाऱ्या पडद्यांसाठी होती. आज तिच्याच जोरावर लिथियमवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दहा-पंधरा नॅनोमीटरचा कवचथर देता येतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत जॉन बेट्स आणि सहकाऱ्यांनी लिथियम, फॉस्फरस, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांचा काचेसारखा थर घडवला, तो ‘लायपॉन’ नावाने ओळखला जातो. लायपॉनच्या अतिपातळ बॅटऱ्या हजारो वेळा चार्ज होऊन दाखवतात, आणि लिथियम धातू मुळात नांदवता येतो याचा तो भक्कम पुरावा आहे. स्टॅनफर्डमध्ये यी क्वी यांच्या गटाने २०१४ मध्ये पोकळ कार्बनगोलकांचा एक सैल पडदा तांब्यावर पसरला. खाली लिथियम वाढलं की पडदा वर उचलला जातो, फाटत नाही. सॅमसंगच्या संशोधकांनी २०२० मध्ये चांदी आणि कार्बनचा काही मायक्रोमीटरचा थर वापरून, ॲनोडला वेगळं लिथियम न देताच, चार्ज-डिस्चार्जच्या हजार फेऱ्या गाठल्या. यातली प्रत्येक गोष्ट वाचताना मला मनापासून आनंद होतो. इतक्या चिमुकल्या जागेत इतका विचार!

‘घन इलेक्ट्रोलाइट आलं की लेपाची कटकट मिटेल’ असं म्हणणाऱ्यांना मात्र मी थांबवू इच्छितो. २००५ मध्ये चार्ल्स मन्रो आणि जॉन न्यूमन यांनी गणित मांडलं की इलेक्ट्रोलाइट लिथियमच्या दुप्पट ताठर असेल तर सुई दबून राहील. घन इलेक्ट्रोलाइट म्हणून वापरली जाणारी गार्नेट जातीची सिरॅमिक्स लिथियमपेक्षा कितीतरी पट ताठर आहेत. तरी त्यांच्या कणांमधल्या फटींतून आणि केसाएवढ्या भेगांतून लिथियम वाट काढतंच. शिवाय कोरड्या सिरॅमिकला लिथियम नीट चिकटत नाही. ते चिकटावं म्हणून मध्ये पुन्हा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा लेपच द्यावा लागला, आणि २०१७ च्या त्या प्रयोगात सांध्यावरचा विरोध दर चौरस सेंटिमीटरच्या हिशोबात १,७१० ओहमवरून एकावर आला. घूम-फिरके आपण लेपापाशीच येतो.

आता माझ्या तक्रारीकडे येतो, आणि त्यासाठी थोडं गणित. प्रत्येक फेरीत गेलेल्या लिथियमपैकी किती परत मिळालं, याला कूलॉम्ब-कार्यक्षमता म्हणतात. समजा एका लेपाने ती ९९ टक्क्यांवर आणली. ऐकायला उत्तम. पण लिथियमचा जादा साठा नसलेल्या सेलमध्ये ९९ टक्के म्हणजे २२ फेऱ्यांत क्षमता ८० टक्क्यांवर. हजार फेऱ्यांनंतर ८० टक्के उरायचे असतील तर ९९.९७८ टक्के हवेत. आता तोच लेप, तीच ९९ टक्के कार्यक्षमता, पण प्रयोगात २५० मायक्रोमीटर जाडीची लिथियमची पत्री घ्या. त्या पत्रीत दर चौरस सेंटिमीटरला पन्नासेक मिलिअँपिअर-तास लिथियम आहे. कॅथोड चार मिलिअँपिअर-तासांचा असेल तर प्रत्येक फेरीतली तूट अवघी ०.०४ची. साठा ती तूट बाराशेहून जास्त फेऱ्या निमूटपणे भरून काढू शकतो. आलेख आडव्या रेषेसारखा सपाट दिसतो. लेप तोच, रसायन तेच. एका ठिकाणी २२ फेऱ्या, दुसऱ्या ठिकाणी हजारावर. तुम्ही लेप मोजत नाही आहात, तुम्ही पत्रीची जाडी मोजत आहात.

इलेक्ट्रोलाइटचंही असंच. बटणसेलमध्ये ते सढळ हाताने ओतलेलं असतं, त्यामुळे खपल्यांमध्ये कितीही खर्ची पडलं तरी सेल सुकत नाही. खऱ्या सेलमध्ये दर अँपिअर-तासाला तीनेक ग्रॅमच देता येतं. त्याहून जास्त दिलं की ज्या हलकेपणासाठी हा खटाटोप केला तोच हातचा जातो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेच्या ‘बॅटरी ५००’ या सरकारी प्रकल्पाने किलोमागे ५०० वॅट-तास आणि हजार फेऱ्या असं ध्येय ठेवलं. पातळ पत्री, मोजकं इलेक्ट्रोलाइट, जाड कॅथोड या अटींचा आग्रह तिथे धरला जातो, हे स्वागतार्ह आहे. क्षेत्रातल्या जाणत्यांना हे सगळं ठाऊक असतंच. बातमी वाचणाऱ्याला नसतं.

आणि हा फक्त आयुष्याचा प्रश्न असता तर मी इतका हट्ट धरला नसता. बॅटरी लवकर संपली तर पैसे जातात, एवढंच. पण लिथियम-धातूच्या बॅटरीत म्हातारपण आणि धोका हातात हात घालून येतात. लिथियमची नवी, गुळगुळीत पत्री तुलनेने शांत असते. शेकडो फेऱ्यांनंतर तिची शेवाळासारखी, भुसभुशीत रास झालेली असते. वजन तेच, पण उघडा पृष्ठभाग कितीतरी पट. कोणी लाकडाचा ओंडका आणि लाकडाचा भुसा यांना आगीच्या बाबतीत सारखं मानत नाही. २०१९ मध्ये शर्ली मेंग यांच्या गटाने मृत लिथियम मोजण्याची एक पद्धत काढली. ॲनोडवर पाणी टाकायचं आणि सुटणारा हायड्रोजन मोजायचा. खपलीतलं संयुगरूप लिथियम हायड्रोजन देत नाही, धातू देतो. त्यातून दिसलं की हरवलेल्या क्षमतेचा मोठा वाटा खपलीत जात नाही, तो तुटून पडलेल्या धातूच्या रूपात सेलमध्येच बसून असतो. म्हणजे मीटरवर ज्याची नोंद ‘संपलं’ अशी होते, ते आत पेटायला तयार असतं. बाहेरून तापमान वाढलं की १३० अंशांच्या आसपास सेपरेटरमधलं, म्हणजे दोन टोकं वेगळी ठेवणाऱ्या पडद्यातलं, पॉलिइथिलीन वितळतं, १८०.५ अंशांना लिथियमच वितळतं, आणि त्यानंतर लेप किती नॅनोमीटरचा होता हा प्रश्न गैरलागू होतो.

म्हणून नव्या सेलला खिळा ठोकून ‘पाहा, पेटला नाही’ असं दाखवणं मला पुरेसं वाटत नाही. लिथियम बॅटऱ्यांच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी घालून दिलेल्या चाचण्यांमध्ये उंची, कंपन, धक्का, शॉर्टसर्किट सगळं आहे, आणि काही सेल आधी चार्ज-डिस्चार्ज करून मग तपासतातही. पण त्या फेऱ्या मोजक्याच. धातूच्या ॲनोडसाठी ती जुन्या आयुष्याची नक्कल होऊ शकत नाही. लेपाची परीक्षा त्याच्या फाटण्याच्या वयात घ्यायला हवी: क्षमता ८० टक्क्यांवर आलेली, थंडीत घाईने चार्ज केलेली, एका कडेला जास्त दाब बसलेली सेल घ्या, आणि मग तापवा, चिरडा, खिळा ठोका.

पॅरिसचा अनुभव इथे दोन्ही बाजूंनी बोलका आहे. लिथियम धातू आणि घन पॉलिमर इलेक्ट्रोलाइट वापरणाऱ्या बोलोरे समूहाच्या बॅटऱ्यांवर २०११ ते २०१८ या काळात तिथे भाड्याच्या हजारो छोट्या मोटारी धावल्या. धातू वापरता येतो हे त्यांनी दाखवलं. त्याच कुळातल्या बॅटऱ्यांच्या शहरबसपैकी दोन बस एप्रिल २०२२ मध्ये एकाच महिन्यात जळाल्या आणि तशा १४९ बस काही काळ रस्त्यावरून काढाव्या लागल्या. सुदैवाने कोणी दगावलं नाही. एवढ्यावरून तंत्रज्ञानच बाद करा असं मी म्हणणार नाही. पण द्रव नाही म्हणजे धोका नाही, हे समीकरण मात्र तिथेच पुसलं गेलं.

वापरणाऱ्याच्या पलीकडेही एक माणूस आहे, ज्याचा विचार लेपाच्या चर्चेत जवळजवळ येतच नाही. जुनी बॅटरी फोडणारा. भुसभुशीत लिथियम आणि हवेतला दमटपणा एकत्र आले की हायड्रोजन सुटतो आणि उष्णताही. लेप आयुष्यभर टिकला तर शेवटी आत चांगला धातू उरतो, तो परत मिळवता येतो. लेप मधेच फाटला तर आत काय उरलं आहे याची कल्पना बाहेरून येत नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांनुसार फेब्रुवारी २०२७ पासून मोठ्या बॅटऱ्यांना डिजिटल ओळखपत्र लागणार आहे. धातूचा ॲनोड असलेल्या बॅटरीच्या ओळखपत्रावर आत अंदाजे किती मृत लिथियम साचलं आहे, हेही नोंदलं जावं. फोडणाऱ्याच्या हाताला त्या आकड्याचा उपयोग आहे. लेपात फ्लोरिनची संयुगं किती, हेही. लिथियम फ्लोराइडने भरलेला थर चांगला टिकतो, म्हणून या क्षेत्राचा ओढा फ्लोरिनकडे आहे. पण त्यासाठी वापरली जाणारी काही पॉलिमर आणि द्रावकं त्या चिवट, निसर्गात न विरणाऱ्या गटातली आहेत, ज्यांच्यावर निर्बंध आणण्याचा प्रस्ताव पाच युरोपीय देशांनी २०२३ मध्ये मांडला. लेप आग थांबवतो म्हणून तो पाण्यात काय सोडतो हे विचारायचंच नाही, असं होऊ नये.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. प्रत्येक नव्या कल्पनेला पहिल्याच दिवशी एवढ्या कडक परीक्षेला बसवलं तर कल्पना जन्मतःच मरतील. जाड पत्री आणि भरपूर इलेक्ट्रोलाइट ही सोय प्रयोगातला गोंधळ कमी करण्यासाठी असते. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची तर बाकीचं सैल ठेवावंच लागतं. एका विद्यार्थ्याने पीएच.डी.च्या तीन-चार वर्षांत म्हाताऱ्या सेलची वाट बघत बसायचं का? हे मला मान्य आहे. लेप कसा काम करतो हे समजून घेण्यासाठी जाड पत्री वापरा, खुशाल वापरा. त्या निबंधात ‘सुई कमी वाढली’ असं लिहा, ‘पृष्ठभाग सपाट राहिला’ असं लिहा. फक्त ‘सुरक्षित’ लिहू नका. तो शब्द ज्याला हवा, त्याने पत्रीची जाडी, इलेक्ट्रोलाइटचं वजन, दाब, तापमान आणि फेऱ्यांनंतरच्या दुरुपयोग-चाचणीचा (तापवणं, चिरडणं, खिळा ठोकणं) निकाल त्याच पानावर द्यावा. आणि बिघडलेल्या सेलही मोजाव्यात. दहापैकी सात सेल चालल्या असतील तर उरलेल्या तिघी कशाने गेल्या, हे छापायला अनुदान देणाऱ्यांनी सांगायला हवं, कारण आग त्या तिघींतच लागते.

जुन्या सेलची परीक्षा वेळखाऊ आणि महाग असते, हेही खरं. एकेका प्रयोगशाळेच्या आवाक्यात ती नाही. त्यासाठी सार्वजनिक चाचणीकेंद्रं हवीत, जिथे कुणीही आपला लेप पाठवावा आणि एकाच मापाने तो जुना करून, फोडून, तापवून पाहिला जावा. नवा लेप शोधण्यासाठी पैसा मिळतो, तसा जुना लेप तपासण्यासाठी मिळत नाही. पण कंपन्या आपल्या खर्चाने ते करतील आणि निकाल जाहीर करतील, अशी आशा धरून बसण्यापेक्षा अशी केंद्रं उभारणं स्वस्त पडेल.

साधनांची अडचण आता राहिलेली नाही. २०१७ मध्ये यी क्वी यांच्याच गटाने लिथियमच्या सुया अतिथंड गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, न जाळता, अणूपर्यंत पाहून दाखवल्या. मृत लिथियम मोजायची पद्धत २०१९ पासून आहे. लेप दिल्यानंतरचं, पहिल्या काही फेऱ्यांचं गुळगुळीत चित्र आज जवळजवळ प्रत्येक निबंधात असतं. त्याच्या शेजारी, त्याच मापात, पाचशेव्या फेरीनंतरचं चित्र छापायला अर्धं पान लागेल.